सालईवाले नाकेदार

आमच्या घरमालकाले, नाकेदारबुवाले, कोनाचं काही सुजलेलं दिसलं का त्यायचा चेहरा असा खुले, जशी घरी आवडीची पाहुनी आली. बाकीची मानसं दुसऱ्याचं दुखनं पाहून च्-च् करतात, बुवा खिशातून दोरा काढत. आमच्या ह्यायले एकदा सकाळी गांधीलमाशी चावली, गाल असा फुगला का एक डोळा बंद, अन् तिकडे खदानीचा भोंगा वाजून राह्यलता, तं बुवा दारात दोन्ही हात आडवे करून उभे.

"थांबा गा भाऊ, जराक मान इकडे करा."

"बुवा, हाजरी जाईन माही."

"हाजरी रोजच असते. असा गाल रोज येते का?"

अन् हनुवटीखालून डोक्यावरून दोरा घेतला, गाठ मारली, गालाले काहीतरी चोपडलं, तवा सोडलं. ह्यायले खदानीवर शिव्या भेटल्या त्या येगळ्या, अन् संध्याकाळी घरी आल्यावर पुन्हा मान इकडे करा लागली ते येगळं.

मी पहिले सांगते ते कोन होते, नाईतं मी सांगत सुटते अन् ऐकनाराले काही समजत नाई. आमी राजूरले नवीन आलतो, वणीकडचं राजूर, कोळशाचं. ह्यायले खदानीत काम लागलं पन कामगाराच्या लायनीत खोली भेटून नाई राह्यलती, म्हनून गावात नाकेदारबुवाच्या घरातली एक खोली घेतली. जंगलखात्यात नाक्यावर बसून गाड्या तपासतात ते नाकेदार. बुवा नोकरीतून कधीचे मोकळे झालते, पन नाव तेच राह्यलं. एकलेच राहत. मी तवा अठरा वर्साची, चौथीतून शाळा सुटलेली, चिमी पोटात, अन् मले साऱ्याचंच भेव लागे, भोंग्याचं, पालीचं, नव्या मानसाचं. पहिल्या दिवशी घरात पाय टाकला तं आतून असा धुपाचा वास आला का म्या ह्यायले दारातच इचारलं, "इथं रोज सत्यनारायन असते का?"

सत्यनारायन नव्हता, सालईचा डिंक होता. सालईचं झाड टेकाडावर होते, कागदाच्या पापुद्र्यावानी साल सुटते त्याची, अन् सालीवर घाव घातला का पिवळा चिकट डिंक येते. देवापुढं जाळतात तो धूप तोच. जंगलातल्या कोलामाच्या बाया पळसाच्या पानात बांधून आनत अन् बुवाच्या ओट्यावर ठेवत, अन् बुवा त्यातली साल, माती, मुंग्या येचत बसत. दिवसभर. एवढे मोठे सहा फुटाचे मानूस, मांडी घालून, चश्मा नाकाच्या टोकाले, सुईनं मुंगी काढून राह्यले. अन् मुंगी मेली नसन तं तिले ओट्याखाली नेऊन सोडत.

मले वाटे हे इकत असन. एक दिवस म्या इचारलंच.

"इकाले नाई, पोरी. यात चोर हाये, तो धराचा हाये."

मले वाटलं बुवाचं डोकं फिरलं. मी दोन पावलं मागं सरकली. तं ते म्हनले, बस, भिऊ नको, अन् मले सांगतलं. डिंकात तिघं जन राह्यतात. एक पान्यात इरघळते, तो गोंद. एक वाफेसंगं उडून जाते, ते वासाचं तेल. अन् तिसरा पान्याले दाद देत नाई, स्पिरिटमधे टाकला तवाच इरघळते, ते राळ. "या तिघातला एकच जन सूज उतरवते. बाकीचे दोघं नुसते त्याच्या संगतीनं फिरतात."

"मंग तुमी काय करता?"

"तिघाइले येगयेगळं बसवतो अन् इचारतो."

"कोनाले?"

"गुडघ्याले."

अन् खरंच तसंच होतं. त्यायच्या खोलीत तीन बरन्या होत्या, तीन रंगाच्या चिंध्या बांधलेल्या. वजन कराले मापं नव्हती, म्हनून तवा नवे पैसे निघालते ना, ते तराजूत टाकत. म्हनत, सरकारनं आजवर केलेलं एवढंच काम मले आवडलं, सगळे पैसे एकासारखे एक. मी एकदा त्यातले दोन पैसे मिठासाठी मागतले तं अशा नजरेनं पाह्यलं, जसं म्या खलातली मुसळी मागतली.

अन् भिंतीले खिळे. खिळ्याखिळ्याले दोरा. ज्याची सूज त्याचा दोरा. सूज मोजाची तं दोरा गुंडाळाचा, जिथं टोक भेटते तिथं गाठ माराची, दुसऱ्या खेपेले पुन्हा गुंडाळाचा, पुन्हा गाठ. नवी गाठ जुन्या गाठीच्या आत आली तं सूज उतरली, भाईर गेली तं वाढली. एवढं सोपं. मलेही समजलं. लोकाइले वाचता येत नाई म्हनून दोऱ्यावर नाव नव्हतं, दोऱ्याच्या टोकाले ज्याची त्याची खून बांधलेली. कोनाचं बटन, कोनाचा मनी, आमच्या ह्यायच्या दोऱ्याले बिडीचा तुकडा.

त्यायच्यापुढं 'बरं वाटते' म्हनाची सोय नव्हती. लोहार यायचा, मनगटावर पट्टी, अन् खुशीनं म्हने, "बुवा, आज जरा हलकं वाटते." तं हे खेकसत, "वाटते ते घरी ठेव, हात इकडे आन." दोरा लावत. कधी गाठ जिथल्या तिथं असे. मंग लोहाराचंच तोंड उतरे अन् तो म्हने, "पन बुवा, वाटून तं राह्यलं." एकदा मी सैपाक झाल्यावर त्यायच्यासाठी वाटीभर आमटी नेली अन् इचारलं, कशी वाटली? मंग माहीच म्या जीभ चावली. पन ते म्हनले, "दोन वाट्या आन, मंग सांगतो."

हे येड त्यायले लागलं कसं तं ते त्यायनं मले एकदाच सांगतलं, तेही डिंक येचता येचता, माह्याकडे न पाहता. केळापूरकडच्या एका नाक्यावर नोकरीले होते, बायको संगं. तिच्या हाताची बोटं सुजत, सांधे असे का पोळपाट-लाटनं धरता येत नव्हतं, वर्सभर नाकेदारच भाकरी थापत. एक कोलामाची म्हातारी डिंक घेऊन नाक्यावरून जाऊन राह्यलती, तिनं बाईचे हात पाह्यले, चुलीपाशी बसली, डिंक गरम केला, बोटाइले चोपडला, वर पान बांधलं. काही दिवसानं बायकोनं भाकर थापली. "म्या त्या म्हातारीले इचारलं, यात काय हाये? तं मले हसली. म्हने, यात सालई हाये. म्या म्हतलं हे काही उत्तर नाई झालं." मंग म्हनले, "बायको दोन वर्सानं तापात गेली. पन हात चांगले होते."

बस, एवढंच. पुन्हा मुंगी येचाले लागले.

आता त्यायच्या येडाच्या दोन गोष्टी सांगते, तिसरी माही हाये, ते मंग सांगीन.

एकदा पंधरा-वीस दिवस गावात कोनाचं काहीच सुजलं नाई. बुवा रोज ओट्यावर बसून येनाऱ्या-जानाऱ्याचे पाय पाहत. लंगडत कोनी दिसला तं उठून उभे राहत, अन् तो म्हने काटा हाये बुवा, का खाली बसत. एक दिवस दुपारी मी पापड वाळू घालून राह्यलती तं आतून धाड् करून आवाज आला, मंग पुन्हा धाड्. मी पयत गेली. बुवा पाय लांब करून बसलेले, हातात वरवंटा, दोन्ही घोटे लाल, डोळ्यात पानी, अन् दातावर दात धरून मले म्हनतात, "घड्याळ पाह्य पोरी, किती वाजले ते सांग!"

"बुवा! काय केलं वो हे!"

"एकसारखे मारले हायेत. एकाले राळ लावतो, एकाले गोंद. पहिले वेळ सांग, मंग रड."

मले घड्याळात काटे पाहता येत पन धाकात काही सुचे ना, म्या म्हतलं दोनावर काहीतरी. आठ दिवस ते काठी घेऊन चालत अन् राळेच्या डाव्या घोट्यावर खुश होते.

अन् दुसरी गोष्ट बुढीची. गावाच्या वर तांडा होता, तिथली एक बंजाऱ्याची बुढी यायची, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, दोन्ही गुडघे सुजलेले, टेकडी उतरताना हर पावलाले "याडीये, याडीये" करे, म्हंजे माय वो, माय वो. बुवा तिचे दोन्ही गुडघे मोजत, दोन्हीले चोपडत, दोन्हीले पट्टी. महिनाभर चाललं. अन् एक दिवस बुढी ओट्यावर बसली, पट्टी सोडली, खाली वाकून एका गुडघ्याचा वास घेतला, मंग दुसऱ्याचा, मंग पुन्हा पहिल्याचा.

"बुवा, माह्या डाव्या गुडघ्याले देवाचा वास येते. अन् उजव्याले चटनीचा काहून येते?"

बुवाले खोटं बोलता येत नव्हतं. ते सरळ म्हनले, डाव्याले राळ हाये, उजव्याले नुसतं जवसाचं तेल अन् मेन.

"नुसतं तेल? महिनाभर?"

"बाई, दोन्हीले राळ लावली तं मले कसं समजन का राळेनं उतरली का नुसत्या चोळन्यानं? एक गुडघा साक्षीदार लागते."

बुढी उभी झाली. "मेरे उजव्या गुडघ्यानं तुमचं काय बिघडवलं? साक्षीदार पाह्यजे तं तुमी घरी नेऊन पोसा त्याले! मले दोन्ही पायानं टेकडी चढाची हाये!" अन् अशी काही बोलली, आर्धं त्यायच्या बोलीत, आर्धं हिंदीत, का सारी गल्ली गोळा झाली. कोनी म्हने, बुवा, माह्या मनगटाले काय लावता, राळ का भजाचं तेल? मी दाराआड तोंडात पदर कोंबून हसून राह्यलती. बुवा खाली मान घालून ऐकत होते, मले वाटलं लाजले. तं बुढी गेल्यावर मले म्हनतात, "हुशार हाये बाई. हे माह्या ध्यानातच आलं नव्हतं." अन् त्या दिवसापासून जवसाच्या तेलातही दोन थेंब वासाचं तेल टाकू लागले, म्हंजे वासावरून कोनाले समजलं नाई पाह्यजे. बुढी पुन्हा आली, यायचीच होती. पन पट्टी बांधताना हर खेपेले बुवाले देवाची आन घ्यायले लावे.

नागपूरच्या कालेजात कोन्या मास्तराले ते चिठ्ठ्या लिहित, राळेच्या पुड्या पाठवत. उत्तर आलेलं म्या एकदाच पाह्यलं, दोन ओळी, का आनखी पाठवा. त्या दोन ओळी त्यायनं मले चारदा वाचून दाखवल्या. आता ते नाईत, दोन वर्सं झाली, अन् आमी लायनीत राह्यतो. तिघातला चोर राळच हाये असं त्यायले वाटे, पन पक्कं सांगा म्हतलं तं म्हनत, "वाटते. अन् वाटते ते घरी ठेवाचं असते."

हं. आता माही सांगते.

चिमी चवदा महिन्याची होती, भिंतीले धरून उभी राहे, दोन पावलं टाके अन् ढपकन् बसे. एक दिवस पाय खाली टेकवे ना. उचलली तं किंचाळे. पाह्यलं तं गुडघा लाल, तंग, पिकल्या टेंभराच्या फळावानी चमकून राह्यला, अन् आंग गरम. ह्यायले खदानीतून सुटी भेटलती, ते कळंबकडे गावी गेलते, माह्या सासऱ्याचं वर्सश्राद्ध होतं. मी एकली. मी चिमीले घेऊन बुवाच्या दारात उभी राह्यली अन् तिचा गुडघा पुढं केला.

बुवानं तिले मांडीवर घेतलं. लेकराले असं धरलं जसं गरम दूध धरतात. दोरा लावला, गाठ मारली, माही फुटकी हिरवी बांगडी होती तिचा तुकडा खून म्हनून बांधला. मंग राळ लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी मोजलं तं गाठ तांदळाएवढी भाईर. बुवाच्या कपाळाले आठी पडली.

"पोरी, संध्याकाळी चारच्या भोंग्याले पुन्हा मोजू. गाठ आत आली तं घरीच राहू. सकाळच्या गाठीच्या भाईर गेली तं वणीच्या दवाखान्यात नेऊ, मंग थांबाचं नाई."

दवाखाना म्हतलं अन् म्या चिमीले पदरात लपेटलं. आमच्या वळखीचा एक मानूस होता, खदानीत त्याच्या पायावर दगड पडलता. दवाखान्यात खाटेवर गेला तवा त्याले दोन पाय होते, आला तवा एक. त्याच्या बायकोनं दुसऱ्या पायाचा जोडा उंबऱ्यापाशी तसाच ठेवलता, म्या पाह्यलता. दगडानं पायाचा चुराडा झालता, म्हनून कापला, हे मले आता समजते. तवा माह्या डोक्यात एवढंच, का पाय घेऊन दवाखान्यात गेलं का पाय घेऊन येत नाई. माह्या चिमीनं आत्ता कुठं दोन पावलं टाकलती.

बुवा मागच्या आंगनात स्पिरिटचा दिवा लावून बसलते. मी त्यायच्या खोलीत गेली. हिरव्या बांगडीचा दोरा खिळ्यावरून काढला. डिंक येचाची सुई घेतली अन् गाठीत घातली. सकाळची गाठ उकलली अन् करंगळीएवढी पुढं सरकवून पुन्हा मारली. तशीच मारली, बुवा मारत तशी, दोन येढे. दोरा खिळ्याले टांगला अन् चिमीपाशी जाऊन बसली. म्या देवाले म्हतलं, मी काही वाईट नाई केलं, फक्त एक दिवस मागतला.

चारचा भोंगा वाजला. बुवानं दोरा लावला. नवी गाठ आत आली.

बुवानं पुन्हा लावला. मंग चश्मा पुसून तिसऱ्यांदा लावला. मंग खाली बसले. "पोरी," म्हने, "राळच व्हय. चोर राळच व्हय. एवढ्या लहान लेकरावर म्या कधी लावली नव्हती, पाह्य, एका दिवसात एवढी उतरली!" मी त्या मानसाले असं कधी पाह्यलं नव्हतं, हसत होते अन् नाक वाहून राह्यलतं अन् पुसायचंही भान नव्हतं. "नागपूरले लिहितो. आजच लिहितो. ताप काय, सूज उतरली का तापही उतरन." कागद घेतला, टाक घेतला, ओट्यावर बसून लिहाले लागले, अन् लिहिता लिहिता मोठ्यानं वाचत होते.

अन् चिमी रडाची थांबली. मले पहिले बरं वाटलं. मंग म्या तिले पाजाले घेतलं तं ती तोंडच लावे ना. डोळे आर्धे उघडे. मान अशी सैल. हाक मारली, चिमे, चिमे, तं पापनी हलवे, बस.

मी ओट्यावर गेली. बुवा वाचून राह्यलते, 'वय महिने चवदा.' म्या म्हतलं, "बुवा, दोरा म्या सरकवला."

त्यायले समजलंच नाई. "काय?"

"गाठ. सकाळची. म्या उकलून पुढं मारली. दवाखान्यात नेता म्हनून. ते पाय कापतात म्हनून. सूज नाई उतरली, बुवा, वाढली हाये, ती दूध घेऊन नाई राह्यली…"

म्या डोळे मिटले, मले वाटलं आता मारतात. टाक ठेवल्याचा आवाज आला. मंग बुवाचा, अगदी हळू.

"कितीक सरकवली?"

म्या करंगळी दाखवली. त्यायनं दोरा आनला, माही करंगळी त्याच्यावर ठेवली, सकाळची खरी जागा पाह्यली, संध्याकाळची गाठ पाह्यली. चेहरा असा झाला जसं दिव्यातलं तेल सरलं. पन रागाचा एक शब्द नाई. टोपी घातली अन् म्हनले, "चाल. लेकराच्या पायाखाली घ्यायले कापूस घे."

वणीची मोटार सुटून गेलती. खदानीच्या रस्त्यावर कोळशाचा ट्रक येऊन राह्यलता, त्याच्यापुढं बुवा रस्त्याच्या मंधात जाऊन उभे. डरायव्हर वरडला, "बुवा, मराचं हाये का? वजन झाल्याबिगर कुठं थांबता येत नाई मले!"

"लेकराचा पाय सुजला हाये. वणीले ने."

"कोळशाचं काय करू?"

"कोळसा सुजत नाई. त्याले उशीर चालते."

डरायव्हरनं चिमीकडे पाह्यलं अन् दार उघडलं. सारा रस्ता बुवानं तिचा पाय आपल्या दोन्ही हाताच्या मंधात अधांतरी धरलता, खड्डा आला का आपन वर उचलत, म्हंजे धक्का त्यायच्या हाडाले बसे, तिले नाई. वणी आलं तवा ऊन होतं अजून.

दवाखान्यातला डाक्टर तरना होता, मले वाटलं हा काय करन. त्यानं गुडघा पाह्यला अन् लगेच आत नेलं. मी भाईर, चिमीचं झबलं हातात. आतून तिची किंचाळी आली अन् मी भिंतीवर डोकं आपटलं, बुवानं हात मंधात घातला. मंग डाक्टर भाईर आला. वाटीभर पू निघाला म्हने, अन् त्यात बाभळीच्या काट्याचं टोक. रांगताना आंगनात टोचलं असन, म्या पाह्यलंच नव्हतं. अन् मंग त्यानं इचारलं, "त्यावर हे काय चोपडलं होतं?"

"सालईची राळ," बुवा म्हनले. "म्या लावली."

"किती दिवस?"

"दोन."

"अन् दोन दिवस काय पाहत बसले होते?"

"दोरा."

वरांड्यातले लोक हसले. डाक्टर हसला नाई. असा बोलला, असा बोलला त्यायले, सगळ्यापुढं. तुमच्यासारख्या अडानी मानसामुळं लेकरं लंगडी होतात, हा सांधा होता, फोड नव्हता, आनखी एक दिवस गेला असता तं पोरीनं जन्मभर पाय ओढला असता, झाडपाल्याचे परयोग कराचे असन तं स्वतःच्या आंगावर करा. सहा फुटाचा मानूस हात जोडून उभा. स्वतःच्या घोट्यावर वरवंटा मारनारा मानूस. अन् मी तिथंच खाली बसलेली. दोरा कोनं सरकवला ते मले माहीत होतं अन् त्यायले माहीत होतं. म्या तोंड उघडलं नाई. त्यायनं माह्याकडे पाह्यलंही नाई.

आठ दिवस आमी तिथं होतो. ह्यायले चिठ्ठी गेलती, ते तिसऱ्या दिवशी आले, बुवानं त्यायलेही दोऱ्याचं सांगतलं नाई, एवढंच का म्या उशीर केला, भाऊ. बुवा दिवसभर दवाखान्यापुढच्या झाडाखाली बसून राहत, दुपारी मले भाकर आनून देत. अन् राजूरहून कोनी भेटाले आलं अन् म्हतलं का बुवा, तुमच्या औषदानं पोरगी वाचली म्हने, तं उठून उभे राहत अन् म्हनत, "माह्या औषदानं नाई. डाक्टरच्या सुरीनं. गावात तसंच सांगा."

आठव्या दिवशी डाक्टरनं पट्टी सोडली, चिमीचा पाय हळूच दुमडला, सरळ केला, पुन्हा दुमडला. म्हने, सांधा वाचला. घरी न्या. मले रडू फुटलं. अन् डाक्टर बुवाकडे वळून म्हनला, "आता तरी ते धंदे बंद करनार ना?"

"हो साहेब," बुवा म्हनले.

त्या मानसाले म्या एवढ्या दिवसात कोनापुढं असं 'हो साहेब' म्हनताना ऐकलं नव्हतं. म्या डोळे पुसले अन् उठली. हे जवळ उभे होते, नर्स होती, सगळ्यापुढंच म्या म्हतलं, "डाक्टरसाहेब, त्यायचा नाई, माहा गुन्हा हाये. ते चारच्या भोंग्यालेच आननार होते. सकाळीच बोललते तसं. म्या गाठ सरकवली. तुमी पाय कापान म्हनून. ते दोऱ्यावर भरवसा ठेवत, म्या दोऱ्यालेच खोटं केलं." मंग सगळं सांगतलं, सुईपासून, करंगळीपर्यंत, एका दमात.

हे माह्याकडे पाहतच राह्यले. डाक्टरनं चिमीचा पाय हळूच खाली ठेवला. मंग बुवाले इचारलं, "हे खरं व्हय?"

बुवानं हळूच मान हलवली.

"अहो, मंग त्या दिवशी मी एवढं बोललो तवा काहून नाई सांगतलं?"

बुवानं टोपी काढली, पुन्हा घातली. "तिले लेकराले पाजाचं होतं, साहेब," म्हनले. "तुमी तिच्यावर तसे वरडले असते तं दूध आटलं असतं."

डाक्टरनं सुटलेली पट्टी गुंडाळाले घेतली. चिमीले भूक लागलती, तिनं रडाले सुरू केलं, अन् मी भिंतीकडे तोंड करून बसली अन् तिले पदराखाली घेतलं.